विद्या कोणाची? कलकत्त्याचे आखाडे आणि कोरियाची युद्धकला

(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



1931 साली कलकत्त्याच्या न्यू एम्पायर नाट्यगृहात शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्यांचा एक कार्यक्रम झाला. रवीन्द्रनाथ ठाकूरांच्या विद्यालयाचा कार्यक्रम म्हटला, की प्रेक्षक गीत, नृत्य आणि नाट्य यांचीच अपेक्षा धरून येणार. त्या वेळी मात्र रंगमंचावर जुजुत्सूचे डाव झाले. शिकविणारे होते ताकागाकी शिन्झो हे जपानी गुरुजी, आणि शिकणाऱ्यांत मुलगे होते तशा मुलीही होत्या. सत्तरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या कवीने या प्रयोगासाठी एक गीत रचले होते. संकोच आणि भय झटकून उभे राहा, असे सांगणारे ते गीत बंगालमधील शाळांत अजूनही गायिले जाते. ते प्रथम कुस्तीसारख्या डावपेचांच्या प्रयोगासाठी लिहिले गेले, हे मात्र गाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

आज हा प्रसंग आठवण्याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. गावोगावच्या शाळांत शाळा सुटल्यावर तायक्वांदोचे वर्ग भरतात. पांढरा पोशाख घातलेली मुले ‘हाना, दुल, सेत’ असे कोरियन आकडे मोजत लाथा मारण्याचा सराव करतात. पालकसभांत मग एक प्रश्न हमखास निघतो : आपल्याकडे लाठी आहे, दांडपट्टा आहे, मल्लखांब आहे, मग मुलांनी, आणि विशेषतः मुलींनी, ही कोरियाची विद्या कशासाठी शिकायची? हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. त्यामागे अभिमान आहे आणि थोडी काळजीही आहे. त्याचे उत्तर शोधताना कलकत्त्याचा इतिहास फार उपयोगी पडतो.

1878 च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाच्या हातातील शस्त्र परवान्याखाली गेले. उरली ती काठी आणि उरले स्वतःचे शरीर. 24 मार्च 1902 रोजी कलकत्त्याच्या मदन मित्र लेनमध्ये सतीशचंद्र बसू यांनी अनुशीलन समितीची सुरुवात केली. बॅरिस्टर प्रमथनाथ मित्र तिचे अध्यक्ष झाले. ‘अनुशीलन’ हा शब्द बंकिमचंद्रांच्या विचारातला. देह, बुद्धी आणि मन यांचा सतत अभ्यास असा त्याचा आशय. समिती पुढे क्रांतिकार्यात गेली, हे सर्वांना माहीत आहे. तिचा आरंभ मात्र व्यायाम, लाठी आणि वाचन यांनी झाला.

त्याच सुमारास रवीन्द्रनाथांची भाची सरलादेवी घोषाल, म्हणजे पुढच्या सरलादेवी चौधुराणी, यांनी कलकत्त्यात आपल्या घरी तरुणांसाठी आखाडा उघडला. लाठी, तलवार, मुष्टियुद्ध असे शिक्षण तेथे चाले. ‘वीराष्टमी’ आणि ‘प्रतापादित्य उत्सव’ हे त्यांनीच सुरू केलेले उपक्रम. या कामामागे महाराष्ट्राचाही थोडा हात आहे. त्यांचे मामा सत्येंद्रनाथ ठाकूर मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते आणि सरलादेवी त्यांच्याकडे सोलापूरला राहून गेल्या होत्या. दुसरा धागा सखाराम गणेश देऊस्कर यांचा. देवघरजवळ पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातला हा माणूस बंगालीत लिहिणारा. त्यांचे ‘देशेर कथा’ 1904 साली निघाले आणि 1910 साली सरकारने जप्त केले. बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजविण्यात देऊस्करांचा वाटा मोठा. त्यांच्या पुस्तिकेसाठी रवीन्द्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता लिहिली. 1906 च्या जूनमध्ये कलकत्त्याच्या शिवाजी उत्सवास लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आणि डॉ. मुंजे उपस्थित होते. ज्या बंगालमध्ये बर्गींच्या स्वाऱ्यांची आठवण अंगाईगीतांत उरली होती, तेथे हे घडावे, ही इतिहासातली लहान गोष्ट नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. सरलादेवींच्या आखाड्यात शिकवीत कोण होते? ‘प्रोफेसर’ मुर्तझा या नावाने ओळखले जाणारे मुसलमान उस्ताद. ढाक्याच्या अनुशीलन समितीचे संस्थापक पुलिनबिहारी दास यांनीही लाठीचे धडे मुर्तझांकडूनच घेतले. पुलिनबाबूंनी ती विद्या अशी आत्मसात केली, की अंदमानातून सुटल्यावर 1928 साली कलकत्त्यात ‘बंगीय व्यायाम समिती’ काढून ते पुन्हा शिकवू लागले आणि लाठी व तलवार यांवर त्यांनी बंगालीत ग्रंथ लिहिला. ढाक्याच्या समितीत प्रतिज्ञा देवीसमोर हिंदू विधींनी घेतल्या जात. ज्या समाजातल्या उस्तादाने हात घडविले, त्या समाजातल्या तरुणांना तेथे जागा उरली नाही. चळवळीचा गौरव करताना ही बाजूही सांगितली पाहिजे. लाठी ही ‘आपली’ विद्या म्हणताना ‘आपली’ या शब्दात कोणकोण येते, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता.

रवीन्द्रनाथांनी या बाबतीत मन मोकळे ठेवले. 1905 साली सानो जिन्नोसुके हे जपानी शिक्षक शांतिनिकेतनात जुजुत्सू शिकविण्यास आले. पुढे 1929 साली कोदोकानचे ताकागाकी आले. कोदोकान ही 1882 साली कानो जिगोरो यांनी स्थापिलेली संस्था. कानो हे पेशाने शिक्षक होते आणि तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. जुन्या जुजुत्सूतील जीवघेणे डाव सरावातून बाजूला काढून त्यांनी शाळेत शिकविता येईल अशी ज्यूदो घडविली. आज तायक्वांदोच्या वर्गात मुले ज्या काळ्या पट्ट्याचे स्वप्न पाहतात, तो मूळचा या मुख्याध्यापकाच्या शाळेतला. प्राचीन वाटणाऱ्या कितीतरी प्रथा अशा एखाद्या शिक्षकाने परवापरवा सुरू केलेल्या असतात! ताकागाकींकडे शांतिनिकेतनच्या मुली शिकल्या. अमर्त्य सेन यांच्या मातोश्री अमिता सेन यांनी शांतिनिकेतनात ज्यूदोचे धडे घेतले होते, हे त्यांच्या पुत्राने आवर्जून लिहिले आहे.

ज्या 1929 साली जपानी गुरुजी बंगालमध्ये आले, त्याच वर्षी रवीन्द्रनाथांनी जपानच्या टाचेखालील कोरियासाठी चार ओळींची कविता लिहून दिली. एप्रिलमध्ये ती ‘दोंग-आ इल्बो’ या वृत्तपत्रात छापून आली. पूर्वेचा दीप पुन्हा उजळेल, असा तिचा आशय. कोरियात ती आजही आदराने स्मरली जाते. जपानच्या विद्येचा आदर आणि जपानच्या सत्तेखाली दबलेल्यांविषयीचा जिव्हाळा ही दोन्ही एकाच मनात सुखाने नांदू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

कोरियाची कथा आपल्या कथेशी फार जुळते. तायक्वांदो दोन हजार वर्षांची आहे असे अनेक वर्गांत सांगितले जाते. सिल्ला राज्यातील ‘ह्वारांग’ तरुणांचा आणि गोगुर्योच्या थडग्यांतील भित्तिचित्रांचा दाखला दिला जातो. झुंजीची परंपरा तेथे जुनी आहे यात शंका नाही. राजा जोंगजो याच्या आज्ञेने 1790 साली ‘मुये दोबो तोंगजी’ हा युद्धविद्येचा सचित्र ग्रंथ तयार झाला. त्यात चोवीस विद्या आहेत. त्यांत चिनी सेनापती छी जीग्वांग याच्या ग्रंथावरून घेतलेली हाताची लढाई आहे, आणि ज्यांच्या स्वाऱ्यांनी कोरिया होरपळला होता त्या जपान्यांची तलवारही आहे. शत्रूची विद्या उत्तम असेल तर ती नोंदवून, शिकून घ्यावी, असा राजाज्ञेचा रोखठोक व्यवहार होता.

1910 साली जपानने कोरिया गिळला. शाळांतून ज्यूदो आणि केंदो शिकविले जाऊ लागले. रस्त्यावर, चौकांत खेळली जाणारी ‘तेक्क्योन’ ही देशी कला मागे पडत गेली. गुडघे लवचीक ठेवून नाचल्यासारखी पावले टाकायची आणि त्या लयीत अवचित पाय अडकवून किंवा लाथ मारून प्रतिपक्ष्याला पाडायचे, असा हा खेळ. 1893 साली जन्मलेल्या सोंग दोक-गी या एका म्हाताऱ्या माणसाच्या अंगात तो शिल्लक राहिला होता. 1983 साली कोरियन शासनाने त्याला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, त्यानंतर चार वर्षांनी सोंग वारले, आणि 2011 साली युनेस्कोने तेक्क्योन आपल्या यादीत घेतले. एका माणसाच्या आयुष्याच्या दोरीला एवढी मोठी कला लोंबकळत होती.

तायक्वांदोचा जन्म मात्र बऱ्याच अंशी परतलेल्या विद्यार्थ्यांच्या हातून झाला. जपानमध्ये शिकायला गेलेले कोरियन तरुण तेथे कराटे शिकले. त्यांपैकी ली वोन-गुक यांनी 1944 साली सोलमध्ये ‘चुंगदोक्वान’ ही शाळा उघडली. स्वातंत्र्यानंतर अशा अनेक शाळा निघाल्या. 1955 साली जनरल चोई होंग-ही यांच्या पुढाकाराने ‘तायक्वांदो’ हे नाव पुढे आले : ‘ते’ म्हणजे पायाचा प्रहार, ‘क्वोन’ म्हणजे मूठ, ‘दो’ म्हणजे मार्ग. 1972 साली सोलमध्ये कुक्कीवोन हे केंद्रस्थान उभे राहिले, 1973 साली जागतिक संघटना झाली, 1988 साली सोल ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिके झाली आणि 2000 साली सिडनीत पदके दिली गेली. ज्या देशाने गुलामी लादली त्याच्याकडून घेतलेल्या बीजाला कोरियन मातीने असे वळण दिले, की आज त्याच्या लाथा कराटेसारख्या दिसत नाहीत. तो बदल पायांत आहे.

लाथ म्हटली की आपल्याकडे ती रागाची किंवा गाढवाची! वर्गात मात्र ती सावकाश, तुकड्यांनी शिकविली जाते. ‘आप चागी’ म्हणजे समोरची लाथ. आधी गुडघा छातीकडे उचलायचा, मग नडगी पुढे झेपावू द्यायची, चवड्याने प्रहार करायचा आणि पाय जमिनीवर ठेवण्यापूर्वी पुन्हा दुमडून घ्यायचा. नवशिक्या मुलाचा पाय नेमका परतताना ढिला पडतो आणि तोल जातो. ‘दोल्यो चागी’ म्हणजे फिरती लाथ. तिच्यात सारे मर्म खालच्या पायात असते. टेकलेल्या पायाची टाच लक्ष्याच्या दिशेने वळली नाही तर कंबर उघडत नाही, कंबर उघडली नाही तर जोर येत नाही, आणि गुडघा दुखावतो तो वेगळाच. काटक मुलीची लाथ धिप्पाड मुलापेक्षा नेटकी बसते ती कमरेच्या या वळणामुळे. याखेरीज ‘पूमसे’ असतात : काल्पनिक प्रतिपक्ष्याशी ठरलेल्या क्रमाने केलेल्या हालचाली. रंगीत पट्ट्यांसाठी आठ ‘तेगुक’ आहेत. दांडपट्ट्याचे हात ज्यांनी घोटले आहेत त्यांना ही घोटण्याची रीत परकी वाटणार नाही. वर्गात शिरताना आणि निघताना वाकून नमस्कार, जोडीदाराला सरावापूर्वी आणि नंतर अभिवादन, शिक्षकाला ‘साबोम’ म्हणणे हेही शिक्षणातच मोडते. तालमीत लाल मातीला हात लावून कपाळाला लावणाऱ्या पैलवानाला ते समजावून सांगावे लागणार नाही. कोरियात ‘स्सिरुम’ ही वाळूवरची कुस्तीही आहे. कमरेला आणि मांडीला बांधलेला पट्टा धरून ती खेळतात, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे विजेत्याला बैल मिळतो. 2018 साली उत्तर आणि दक्षिण कोरिया यांनी मिळून तिची युनेस्कोकडे नोंद केली; ज्या दोन देशांचे कशावरच जमत नाही, त्यांचे कुस्तीवर जमले.

आता न्यू एम्पायरकडे परत वळावे लागते, कारण त्या कार्यक्रमाचा शेवट गोड नाही. ताकागाकींची शिकवणी कलकत्त्यात महापालिकेने चालवावी, मुलामुलींना ती कायमची मिळावी, असा प्रयत्न रवीन्द्रनाथांनी केला. तो फळाला आला नाही. करार संपला आणि ताकागाकी बंगालमधून निघून गेले. शिक्षक उत्तम होता, विद्यार्थिनी तयार होत्या, पाठीशी जगातला मोठा कवी होता. नव्हती ती केवळ वर्षानुवर्षे वर्ग चालविणारी संस्था. कोरियात ती होती. आपल्याकडे अमरावतीला होती. 1914 साली वैद्य बंधूंनी काढलेल्या हनुमान व्यायामशाळेतून तयार झालेले खेळाडू 1936 साली बर्लिनला जाऊन देशी व्यायाम दाखवून आले, ते वीस-बावीस वर्षांच्या अखंड तालमीच्या बळावर.

म्हणून पालकांनी विद्येचे गाव विचारण्याऐवजी वर्ग किती वर्षे चालणार, हे विचारावे. कोलकाता पोलिसांनी मुलींसाठी ‘सुकन्या’ आणि महिलांसाठी ‘तेजस्विनी’ असे स्वसंरक्षणाचे उपक्रम चालविले आहेत. अन्य शहरांतही शिबिरे होतात. त्यांचे स्वागतच आहे. पण तीन दिवसांच्या शिबिरात मनगट सोडविण्याची युक्ती कळते, अंगात उतरत नाही, आणि न उतरलेली युक्ती ऐन प्रसंगी खोटा धीर देते. शरीराला एखादी हालचाल विचार न करता करता यावी यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा, जोडीदार बदलून, महिनोन्‌महिने करावी लागते.

आणि नेमक्या याच ठिकाणी मुली गळतात. पाचवी-सहावीत वर्ग भरलेला असतो. आठवीत पदार्पण होते न होते तोच ‘आता अभ्यास’, ‘आता बरे दिसत नाही’, ‘उशीर होतो’ अशी कारणे येतात आणि मुलींची रांग अर्ध्यावर येते. मुलगे बहुधा राहतात. ज्या वयात या विद्येची खरी गरज पडू लागते, त्याच वयात ती सोडविली जाते. यावर उपाय मोठे नाहीत. वर्ग शाळेच्या वेळापत्रकातच असावा, म्हणजे उशिराची सबब उरत नाही. शिकविणारी शक्यतो बाई असावी. नसल्यास एक शिक्षिका पूर्ण वेळ उपस्थित असावी. जाड गाद्या, कपडे बदलण्यास बंद खोली, आणि परीक्षेच्या महिन्यातही आठवड्यातून एक तास. पट्ट्याची परीक्षा देता आली नाही तरी चालेल, तो तास बुडता कामा नये. ज्या शाळेत लाठी जाणणारे गुरुजी असतील तेथे लाठी शिकवावी, जेथे तायक्वांदोच्या बाई मिळतील तेथे तायक्वांदो. दोन्ही मिळाल्यास मुलींना दोन्ही शिकू द्यावे, आणि दहावीचा निकाल लागेपर्यंत त्यांची नावे पटावरून काढू नयेत.