गावची क्रीडा मंडळे आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संघाच्या चिटणीसांनी मला ग्रामीण क्रीडा मंडळांविषयी चार शब्द बोलावयास सांगितले. मी कोणी नामांकित खेळाडू नव्हे. तरुणपणी सात वर्षे गावच्या मंडळाचा चिटणीस होतो, एवढाच माझा अधिकार. त्या मंडळाच्या दुर्दशेत माझाही वाटा आहे, हे पुढे सांगणारच आहे.

खेड्याने खेळाडू दिले नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी जमविली आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले. 2024 साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे हेही राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचेच. तेव्हा प्रश्न गुणांचा नाही. ते गुण जोपासणाऱ्या मंडळांचा आहे.

या मंडळांपुढील अडचणी आपण सारे जाणतोच. पहिली जागेची. ज्या गायरानात आपण कबड्डी खेळलो, तेथे आज कोणाची गोदामे, तर कोणाची घरे उभी आहेत. पुरुषांच्या कबड्डीला 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद एवढीच जागा पुरते. पण तेवढीही मंडळाच्या नावावर नसते. दुसरी अडचण साधनांची. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि मुलांच्या डोळ्यांपुढे नवे स्वप्न उभे राहिले. परंतु ते स्वप्न मॅटवरचे, आणि आपली मुले मातीवरची. तिसरी बक्षिसांची. मोठ्या रकमेच्या स्पर्धेसाठी बाहेरून खेळाडू आणावयाचे आणि गावच्या पोरांनी कडेला बसून टाळ्या वाजवावयाच्या, याला क्रीडाप्रसार कसे म्हणावे? आणि मुलींचे तर विचारूच नये. कपडे बदलावयास आडोसा नाही, संध्याकाळी मैदानावर दिवा नाही. म्हणून शाळा सुटली की त्यांचा खेळही सुटतो.

तथापि माझ्या मते खरे दुखणे याहून निराळे आहे. आमच्या मंडळाची नोंदणी रीतसर झालेली होती. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे दरसाल हिशेब तपासून घ्यावा लागतो आणि विश्वस्त बदलले की 90 दिवसांच्या आत तसे कळवावे लागते. सात वर्षे मी ते केले. पुढे मला शहरात नोकरी लागली. दप्तर दुसऱ्याच्या हाती सोपवीन, सोपवीन म्हणता म्हणता ते माझ्याच ट्रंकेत राहिले. कित्येक वर्षांनी गावच्या तरुणांनी व्यायामशाळेच्या अनुदानासाठी अर्ज केला, तेव्हा कागदोपत्री विश्वस्त म्हणून जी नावे निघाली त्यांतील दोघे वारले होते, आणि तिसरा मी होतो! हिशेब नाहीत, ठराव नाहीत. अर्ज परत आला. त्या पोरांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तेच मला अधिक लागले.

बंधूंनो, गावात पैलवान निर्माण होतात, पण दप्तर सांभाळणारा निर्माण होत नाही. जो लिहितो-वाचतो, तो गाव सोडतो. मग तो दसऱ्याला येतो, चषक देतो, फलकावर छायाचित्र लावून घेतो आणि जातो. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली स्थापन झाले आणि आजही उभे आहे. त्या संस्थेने खेळाडूंबरोबर व्यायामशिक्षकही घडविले, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

म्हणून संघापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. आपल्यात वकील आहेत, हिशेब तपासनीस आहेत; त्यांपैकी प्रत्येकाने आपापल्या गावच्या एका मंडळाचे दप्तर विनामोबदला पाहावे. चषकांवर खर्च होणारा पैसा एक वर्ष मैदानाची मोजणी, कुंपण, दिवा आणि मुलींसाठी आडोसा यांवर खर्च करावा. तिसरी विनंती काही जणांना रुचणार नाही. या मंडळांना आपल्या ज्ञातीचे नाव देऊ नये आणि त्यांचे दार गावातील प्रत्येक मुलामुलीला उघडे असावे. कबड्डीला सात जण लागतात. ते एकाच आळीतून निवडावयाचे ठरविले, तर संघही दुबळा होतो आणि गावही.

ते दप्तर मी गेल्या महिन्यात गावी नेऊन दिले. आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तेथे बसतो. दोन मुले आणि एक मुलगी जमाखर्च लिहावयास शिकत आहेत. फार उशीर झाला, हे खरे. आपण तो करू नये, एवढ्यासाठीच हे बोललो.