पावसाला पैसा देणारे गाणे

(बुकित बातोक येथील मेळाव्यात केलेले भाषण)



मी प्राथमिक शाळेत शिकवणारी बाई. मोठा इतिहास सांगणारी जाणकार मंडळी इथे आहेत. मी फक्त एका लहानशा गाण्याविषयी बोलणार आहे. ते म्हणजे ‘ये रे ये रे पावसा’. या गाण्याला कवी नाही. ते आई-आजीच्या तोंडून पुढे चालत आले. त्यामुळे त्याचा इतिहास त्याच्या शब्दांतच शोधावा लागतो.

पहिला शब्द पाऊस. आपली मुले इथल्या शाळेत पावसाला ‘परत जा’ सांगणारे इंग्रजी गाणे शिकतात. त्या गाण्याची नोंद सतराव्या शतकापासून सापडते. इंग्लंडात पाऊस केव्हाही येतो, मुलांचा खेळ मोडतो. आपल्या बुकित बातोकलाही तो बाराही महिने येतो. रत्नागिरीकडे मात्र चार महिने धो धो आणि पुढे जवळजवळ आठ महिने कोरडे. मृग लागेपर्यंत विहिरी तळाला जातात. तिथले मूल पावसाला घालवणार कसे? ते त्याला बोलावते, वर लाचही देऊ करते!

दुसरा शब्द पैसा, तोही खोटा. पूर्वी सोळा आण्यांचा रुपया आणि चार पैशांचा आणा, म्हणजे रुपयाचे 64 पैसे होत. 1835 साली कंपनी सरकारने एकसारखी नाणी सुरू केली, तरी जुनी शिवराई बाजारात पुष्कळ वर्षे चालली. नाणी अनेक तऱ्हेची, म्हणून घेणारा ती पारखून घेई. खोटे नाणे निघाले की गरिबाचे नुकसान. मुलांनी त्याचीच गंमत केली. पैसा खोटा निघाला, तरी पाऊस आला!

तिसरा शब्द मडके. ते भरायला सरीला बोलावले, तर ती मडकेच घेऊन गेली. घरातले नुकसान, पण गाताना मुले हसतात.

आता आपल्या पूर्वजांकडे येते. कोकणातून मुंबईच्या बंदरावर येऊन ते मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना 5 रुपये, म्हणजे 320 पैसे. एक दिवस कामावर आला नाही, तर दोन दिवसांची मजुरी कापत. त्याला ‘डबल कट’ म्हणत. हे गाणे काही त्यांच्यावर रचलेले नाही. पण कबूल केलेला पैसा हातात येईपर्यंत कसा खोटा होतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होते.

शिक्षिका म्हणून मला या गाण्यात आणखी एक गोष्ट दिसते. मूल पावसाला ‘रे’ म्हणते आणि सरीला ‘गं’. व्याकरणाचे पुस्तक न उघडता त्याला कळते की पाऊस ‘तो’ आणि सर ‘ती’.

मॉरिशसच्या सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकवली जाते. सिंगापूरच्या शाळांत बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू घेता येते, मराठी नाही. म्हणून इथे मराठीची शाळा म्हणजे आपले घर. मुले गाणे तालासुरात म्हणतात आणि मग विचारतात, “बाई, मडके म्हणजे काय?” उत्तर द्यायला घरात कुणी उरले नाही, तर गाण्याचा नुसता आवाज राहील.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. मुलांना गाणे शिकवताना एक मातीचे मडके आणि एक जुना पैसा त्यांच्या हातात द्या. आणि आजी-आजोबांनो, तुमच्या घरात हे गाणे जसे म्हणत, अगदी तसे एका कागदावर लिहा. शब्द वेगळे असतील तर सुधारू नका. खाली कुणाकडून ऐकले आणि मूळ गाव कोणते, तेवढे लिहा. गाव ठाऊक नसेल, तर बंदराचे नाव चालेल. कागद आजच माझ्याकडे द्या, मी बाहेरच्या टेबलाजवळ बसले आहे.