राजाचा प्रवास आणि तळी बांधणारी माणसे

चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, एक गोंड राजा काशीला गेला आणि परत येताना तिथून कोहळी कुटुंबे सोबत घेऊन आला, अशी परंपरा वैनगंगेच्या खोऱ्यात सांगितली जाते. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरील आपल्या 1916 सालच्या ग्रंथात ती नोंदवून ठेवली आहे. भंडाऱ्याकडच्या कोहळींमध्ये आपले पूर्वज माळव्यातून आल्याचेही सांगत. परंपरा म्हणजे दस्तऐवज नव्हे, हे इतिहासाच्या अभ्यासकाला वेगळे सांगावे लागत नाही. पण ही परंपरा ज्या मुलखात टिकली, त्या ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी या भागात आजही गावागणिक तलाव आहे, तलावाखाली धानाच्या बांध्या आहेत, आणि तलाव कोणी बांधला असे विचारले तर कितीतरी गावांत कोहळी पाटलाचे नाव निघते. राजाचा प्रवास आणि कसबी माणसांचे स्थलांतर यांची सांगड घालणारी ही कथा म्हणूनच गांभीर्याने वाचायला हवी.

चांद्याच्या राजांपुढची अडचण शत्रूपेक्षा माणसांच्या तुटवड्याची होती. सिरपूर, मग बल्लारपूर आणि शेवटी चांदा अशी त्यांची राजधानी हलत गेली. मुलूख मोठा, पण बहुतेक सगळा जंगलाने झाकलेला. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त चांद्याच्या बाबाजीचा उल्लेख आहे. 1,000 घोडेस्वार आणि 40,000 पायदळ बाळगणारा गोंड जमीनदार, वैरागडची हिऱ्याची खाण त्याच्या ताब्यात, असे त्याचे वर्णन येते. हिरे आणि हत्ती यांवर दरबाराची शान राहते, पण दरसालचा महसूल शेतीतून येतो, आणि शेतीला हात लागतात. गोंड, माडिया, कोलाम यांची शेती जंगलाशी जुळवून घेतलेली होती. एका जागी पाणी अडवून, चिखल करून, रोवणीचे धान घेणारी शेती वाढवायची तर ते कसब अंगी असलेली माणसे हवी होती.

या राजांचा बाहेरच्या जगाशी संबंध कसा येई, हे सांगणाऱ्या दंतकथाही आहेत. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध सुरजा बल्लाळसिंहाची. तो दिल्लीत बादशहाच्या कैदेत पडला, बादशहाच्या वतीने एक अजिंक्य किल्ला त्याने जिंकून दिला, आणि खिलत व ‘शेरशहा’ हा किताब घेऊन तो परतला. त्यानंतर चांद्याच्या राजांच्या नावापुढचा ‘सिंह’ जाऊन ‘शहा’ आला. कथेतला रंग बाजूला ठेवला तरी तिच्यामागचा व्यवहार उरतो. दूरच्या सत्तेशी संबंध ठेवायचा, मान मिळवायचा, आणि आपल्या जंगलात आपलेच राज्य चालवायचे. नंतरच्या काळात हा तोल महागात पडला. 1667 मध्ये मोगल सरदार दिलेरखान फौजेनिशी आला आणि जबर खंडणी घेऊन गेला. 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी राजा नीळकंठशहाला कैद करून चांदा खालसा केला.

काशीचा प्रवास दिल्लीच्या प्रवासाहून वेगळा होता. दिल्लीहून किताब आला, काशीहून माणसे आली. आणि ही माणसे का टिकून राहिली, याचे उत्तर राज्याच्या जमीनविषयक धोरणात शोधावे लागते. चांद्याचा जमाबंदी अहवाल 1869 मध्ये लिहिणाऱ्या मेजर लुसी स्मिथ यांनी हिरशहा राजाच्या नावावर सांगितली जाणारी एक व्यवस्था नोंदवली आहे. जो जंगल तोडून जमीन वहितीखाली आणील त्याला सनद, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन. या एका अटीत फार मोठी दूरदृष्टी आहे. बक्षीस तलावाच्या आकाराला नसून भिजणाऱ्या जमिनीला होते. चुकीच्या जागी मोठी पाळ घालून उपयोग नव्हता. जागा हेरण्याचे ज्ञान आणि मिळणारा मोबदला यांची गाठ राजाने थेट बांधून दिली होती.

या जागा कशा हेरल्या जात, हे एखाद्या जुन्या तलावाच्या पाळीवर उभे राहिले की कळते. दोन टेकड्यांमधला अरुंद गळा, त्यातून येणारा नाला, आणि खाली पसरट होत जाणारी जमीन. गळ्यावर मातीची पाळ घातली की थोड्या श्रमात पुष्कळ पाणी अडते. टेकडीवरचे जंगल राखले तर गाळ कमी येतो. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरतो, त्याचा आणखी खालच्या बोडीत. पाळीत पाणी सोडायची मोरी ठेवलेली असते, तिला या भागात तुडुम म्हणतात. पाणी उतरेल तशी तिची खालची भोके मोकळी करत जायचे, म्हणजे वरचे पाणी आधी वापरले जाते आणि तळाचे शेवटच्या गरजेसाठी राहते. पाणी ओसरलेल्या ओल्या जमिनीवर उन्हाळ्याआधी गाळपेर होते. हे सगळे समपातळी मोजायच्या यंत्राशिवाय, केवळ वाहत्या पाण्याकडे पाहून केले जाई, आणि पुढे आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना त्याचे नवल वाटले.

एवढा खटाटोप कशासाठी, असे पाऊसमान पाहून वाटू शकते. या पट्ट्यात साधारण बाराशे ते पंधराशे मिलिमीटर पाऊस पडतो. पण धान निसवायच्या वेळी, म्हणजे पावसाळा सरताना, तो दडी मारतो. त्या वेळी बांधीत पाणी नसेल तर लोंबीत दाणा भरत नाही. तलाव नेमक्या त्या पंधरवड्यासाठी असतो. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध हा या परंपरेतला सर्वांत मोठा नमुना. तो बांधणाऱ्या कोलू पाटलाला लोकांनी पुढे कोलासूर देव म्हणून पुजले. बाहेरून आलेल्या समाजातला माणूस स्थानिकांचा देव होतो, यापेक्षा मुरण्याचा मोठा पुरावा कोणता द्यावा?

राजाने प्रवासातून माणसे आणण्याचा असाच, पण अगदी वेगळ्या शेवटाला गेलेला प्रसंग 19 व्या शतकात प्रशांत महासागरात घडला. हवाई बेटांचा राजा कालाकाउआ जानेवारी 1881 मध्ये होनोलुलूहून निघाला आणि ऑक्टोबरअखेर परतला. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला सत्ताधीश राजा मानला जातो. जपान, चीन, सयाम, जोहोर, ब्रह्मदेश करत तो कलकत्त्यास आला, तिथून रेल्वेने मुंबईला, आणि मुंबईहून बोटीने इजिप्तकडे गेला. त्याच्याबरोबरच्या विल्यम आर्मस्ट्राँगकडे मजूर आणण्याच्या कामाची अधिकृत जबाबदारी होती. कारण उघड होते. परक्या जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी हवाईच्या मूळ रहिवाशांची संख्या शतकभरात कोसळली होती. 1878 च्या शिरगणतीत सगळी वस्ती 58,000 च्या आसपास होती. त्यातच 1876 पासून अमलात आलेल्या अमेरिकेबरोबरच्या करारामुळे हवाईची साखर तिथे बिनजकात जाऊ लागली आणि उसाचे मळे झपाट्याने वाढले. राजाला मळ्यांसाठी हात हवे होते, आणि आपल्या लोकांशी मिसळून राष्ट्र पुन्हा भरून काढील अशी प्रजाही हवी होती. जपानच्या सम्राटापुढे त्याने आपल्या भाचीचा विवाह जपानी राजपुत्राशी करण्याचा प्रस्तावसुद्धा ठेवला. तो मान्य झाला नाही.

हिंदुस्थानातून मजूर नेण्याचा करार झाला नाही. जपानशी मात्र जमले. 8 फेब्रुवारी 1885 रोजी ‘सिटी ऑफ टोकियो’ हे जहाज 900 हून अधिक जपानी स्त्री-पुरुष-मुले घेऊन होनोलुलूला लागले. पुढच्या नऊ वर्षांत सरकारी कराराखाली सुमारे 29,000 जपानी आले. करार तीन वर्षांचा. पुरुषाला महिना 9 डॉलर पगार, जेवणाचे वेगळे. शेतात दहा तास, कारखान्यात बारा. 1850 च्या मालक-नोकर कायद्याखाली काम सोडून जाणाऱ्याला पकडून पुन्हा कामावर पाठवता येई, नाहीतर तुरुंगात. मळ्यावर प्रत्येक मजुराला नंबर ठोकलेला धातूचा बिल्ला गळ्यात घालावा लागे आणि हजेरीपटावर, दुकानाच्या उधारीवर तो नंबरच चाले. 1893 मध्ये मळेवाल्यांच्या पुढाकाराने राजसत्ताच उलथली गेली, 1898 मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली, आणि 1900 च्या शिरगणतीत 1,54,001 वस्तीपैकी 61,111 जपानी होते. मूळ हवाईयन आपल्याच बेटांवर अल्पसंख्य झाले.

दोन्ही राजांना माणसे हवी होती, दोघांनीही प्रवासातून ती मिळवली. फरक अटींमध्ये आहे. कोहळीला तलाव बांधल्यावर जमीन मिळे आणि तो गावाचा पाटील होई. जपानी मजुराला मळ्यातली ढेकूळही आपली म्हणता येत नव्हती. स्थलांतराचा इतिहास लिहिताना कोण आले आणि किती आले याची मोजदाद होते, ती कोणत्या अटीवर आली हे मागे पडते. इतिहासाच्या अभ्यासकांनी तो प्रश्न पुढे आणावा, अशी कळकळीची अपेक्षा आहे.

चांद्याच्या कथेला गोंडी बाजूही आहे आणि ती झाकणे अन्यायाचे होईल. जी जमीन सनदेने दिली गेली ती मोकळी पडलेली नव्हती. तिच्यावर शिकार, मोहफूल, फिरती शेती यांचे हक्क होते, ते लिहिलेले नव्हते एवढेच. पाण्याखालची चांगली जमीन नव्याने आलेल्यांकडे गेली, जुने रहिवासी हळूहळू डोंगराकडे सरकले. 1860 नंतर इंग्रजांनी मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून भरणाऱ्यांना, मालकी हक्क दिले तेव्हा ही विषमता कागदावर पक्की झाली. तलाव गावाच्या श्रमाने दुरुस्त होई, मालकी मालगुजाराची राही. मालगुजारी संपवणारा कायदा 1950 चा. 1951 मध्ये त्याच्या अंमलाने तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणून ‘मामा तलाव’ झाले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव मोजले गेले आहेत. मालक गेला, त्याबरोबर दरसाल पाळीवर माती टाकायची गावाची जबाबदारीही सुटली. पुष्कळ तलाव गाळाने भरले, काहींच्या पोटात अतिक्रमणे झाली.

बाहेरून माणसे येणे मात्र थांबले नाही. वरोरा, घुग्घूस, बल्लारपूरच्या कोळसा खाणींनी तेलंगणातून आणि छत्तीसगडातून कामगार ओढले. बल्लारपूरच्या कागद कारखान्याभोवती सगळ्या देशाची भाषा बोलणारे गाव उभे राहिले. 1960 च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना मुलचेरा, चामोर्शी या भागात जमिनी देऊन वसवण्यात आले. त्यांनीही धानशेती केली, मासेमारी वाढवली, आणि त्यांच्या वस्त्यांत बंगाली माध्यमाच्या शाळा चालल्या. त्यांच्या बाबतीतही जमीन हीच अट होती, आणि त्या वस्त्या म्हणूनच उभ्या राहिल्या.

आज प्रवाहाची दिशा उलटी आहे. धानाची कापणी-मळणी आटोपली की सिंदेवाही, मूल, सावली, गोंडपिपरी या तालुक्यांतून आणि गडचिरोलीतून हजारो माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. टोळी ठरते ती मुकादमामार्फत, मजुरी ठरते ती तोडलेल्या वजनावर, राहणे शेतातल्या पालात. शाळेतली पोरे आईबापांबरोबर जातात आणि वर्गातले बाक दोन-तीन महिने रिकामे राहतात. 2020 च्या टाळेबंदीत हेच मजूर अडकले आणि कित्येक जण जंगलवाटांनी चालत घराकडे निघाले. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराला परवाना आणि मजुराला पासबुक व प्रवासभत्ता बंधनकारक केला होता. मिरचीच्या शेतावर जाणाऱ्या टोळीतल्या बाईच्या हातात असे पासबुक सहसा नसते. हवाईच्या मळ्यावरच्या कराराचे कागद निदान अभिलेखागारात मिळतात. या मजुरांच्या अटी तोंडी ठरतात आणि हंगामाबरोबर पुसल्या जातात.

त्या लिहून ठेवण्याचे काम चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतली महाविद्यालये आणि इतिहास मंडळे करू शकतात. जमाबंदीच्या काळातल्या वाजिब-उल-अर्जांमध्ये, म्हणजे गावच्या रूढी-हक्कांच्या नोंदींमध्ये, तलावाचे पाणी कोणाला किती आणि पाळीवर श्रम कोणाचे, हे गावनिहाय लिहिलेले आहे, ते जिल्हा अभिलेख कक्षांतून आधी वाचायला हवे. कोहळी पाटील, तलावात मासेमारी करणारे ढिवर, वरच्या पाड्यातले गोंड यांच्या आठवणी त्याच गावात एकत्र बसून नोंदवाव्यात, म्हणजे एकाच तलावाचा तिघांचा इतिहास शेजारी शेजारी येईल. मिरची तोडायला जाणाऱ्या टोळ्यांचे मुकादम, मजुरीचे दर आणि मुक्कामाची गावे यांची नोंद दर हंगामात गावातूनच सुरू करता येते. ग्रामपंचायतीची एक वही त्यासाठी पुरेशी आहे.