तीन चाकांचा तोल

जगातल्या पहिल्या मोटारीला चाकं किती, असं कुणी विचारलं तर आपण 'चार' म्हणून मोकळे होऊ. पण कार्ल बेंझनं १८८६ साली जर्मनीत जिचं पेटंट घेतलं, ती मोटार तीनचाकी होती. पुढची दोन चाकं नीट वळवण्याची युक्ती त्याला तेव्हा साधली नव्हती, म्हणून पुढं एकच चाक.

आपल्याकडे तीनचाकी रुजली ती पोटापाण्यासाठी. १९५९ साली बजाजला ती बनवण्याचा परवाना मिळाला. विदर्भात तिला रिक्षा म्हणत नाहीत, ऑटो म्हणतात. नंतर बारामतीच्या कारखान्यातून 'ॲपे' आली. या इटालियन शब्दाचा अर्थ मधमाशी. मुकुटबनहून वणीकडे माणसं, भाजीच्या टोपल्या, कापसाची गाठोडी घेऊन निघाली, की नाव शोभतं.

एका मित्राच्या ऑटोवर मी चालवायला शिकलो. हातात स्कूटरसारखा दांडा, डाव्या मुठीत क्लच, तीच मूठ फिरवली की गिअर. ब्रेक उजव्या पायाखाली. मौज पहिल्याच वळणावर कळते. सायकलवर आपण वळणाच्या आत झुकतो, ऑटो झुकत नाही. आपण सवयीनं झुकतो आणि ऑटो आपला सरळ निघतो! तो फक्त दांड्याचं ऐकतो. खड्ड्यांचंही तसंच. चारचाकीची चाकं रस्त्यावर दोन रेघा ओढतात, ऑटोची तीन. खड्डा दोन चाकांच्या मधून काढण्याची सोय इथं नाही. कडेचा चुकवला तर मधला पुढच्या चाकाला गाठतो. म्हणून ऑटोवाल्याची नजर सदा रस्त्यावर हिंडत असते. मोकळ्या रस्त्यावर, बेताच्या वेगात, तीन चाकांना तीन वाटा शोधून देण्यात जी गंमत आहे ती मोठ्या गाडीत नाही.

या गमतीला एक अट आहे. तिन्ही चाकं जोडून मनात त्रिकोण काढा. मागची बाजू रुंद, पुढचं टोक निमुळतं. वजन रुंद बाजूला आहे तोवर ऑटो स्थिर. वळणात जोरात ब्रेक मारला की वजन निमुळत्या टोकाकडे धावतं आणि मागचं एक चाक उचललं जातं. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. इंग्लंडच्या मॉर्गन कंपनीनं दोन चाकं पुढं नि एक मागं, असा हा त्रिकोणच उलटा केला आणि तिच्या तीनचाकी शर्यतीत पळाल्या.

आपला ऑटो शर्यतीचा नाही. पण चालकाच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक सवारी बसते, तेव्हा काय होतं? जादा वजन नेमकं पुढच्या टोकाकडे जातं. दांडा पुरता वळायला कोपर मोकळं लागतं, तेच दोन माणसांत अडकतं. ऑटोवाल्याची निकड मला कळते. डिझेल महाग, हप्ता डोक्यावर. एसटी चुकलेल्या माणसाची घाईही कळते. कवितेत एक मात्रा जादा झाली तर ओळ लंगडते, ऐकणारा फार तर नाक मुरडतो. ऑटोत एक माणूस जादा झाला तर लंगडण्याची पाळी माणसांवर येते. त्यात शाळेची लेकरंही असतात.

तोल एकट्या चालकाचा नसतो, बसणाऱ्यांचाही असतो. तेव्हा "या ना भाऊ, समोर जागा हाये," अशी हाक आली, तर तो ऑटो जाऊ द्या. दुसरा येतोच.