पक्ष घ्यावा कोणाचा, आणि आनंद करावा कसा?



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांना आम्ही आमचा विषय कळविला, तेव्हा ते क्षणभर स्तब्ध झाले. "बेसबॉल? आपल्या गावात तो खेळतो कोण?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. परंतु आमचे आजचे बोलणे खेळाच्या नियमांविषयी नाही. आपला संघ स्पर्धेतून गेल्यावर माणूस दुसऱ्या कोणाचा पक्ष का घेतो, आणि विजय मिळाल्यावर तो आनंद कसा करतो, या दोन प्रश्नांविषयी आहे. हे प्रश्न परके नाहीत. कुस्तीच्या फडाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहेत.

आम्हांला या खेळाची गोडी लागली ती २००४ सालच्या शरद ऋतूत. त्या वेळी आमचा मुक्काम अमेरिकेत, बॉस्टन शहराजवळ मुलीच्या घरी होता. शेजारी एक सेवानिवृत्त गृहस्थ राहत. रोज संध्याकाळी ते आम्हांला बोलावीत, दूरदर्शन संचापुढे बसवीत आणि खेळ समजावून देत. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा चुलतभाऊ म्हणावा. फलंदाज चेंडू टोलवितो, चौकोनाच्या टोकांना असलेले बेस एकामागून एक गाठतो आणि निघाला तेथे परत आला की एक धाव होते. तीन गडी बाद झाले की दुसऱ्या बाजूची पाळी. असे नऊ डाव. एवढे समजले की पुरे. बाकीचे शेजारी शिकवितात.

आता या स्पर्धेची रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावरच उभा आहे. अमेरिकेतील मोठ्या बेसबॉलमध्ये दोन लीग आहेत. दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेला 'वर्ल्ड सीरिज' म्हणतात. ती प्रथम १९०३ साली झाली, आणि १९०४ व १९९४ ही दोन वर्षे सोडली तर कधी चुकली नाही. १९६८ पर्यंत व्यवस्था सोपी होती : लांबलचक हंगामाच्या अखेरीस प्रत्येक लीगमध्ये जो पहिला, तो सरळ अंतिम मालिकेत. १९६९ साली प्रत्येक लीगचे दोन विभाग झाले आणि अंतिम मालिकेच्या आधी आणखी एक पायरी आली. १९९५ साली आठ संघ उत्तर-हंगामात उतरले, २०१२ साली दहा, आणि २०२२ पासून बारा. आज एकूण संघ तीस आहेत. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. मग ऑक्टोबर महिन्यात बारा उरतात, अठरा घरी जातात. बारांतले अकराही पुढे एकेक करून हरतात.

हे गणित जरा मनाशी मांडून पाहावे. शेवटच्या मालिकेपर्यंत अठ्ठावीस संघांचे चाहते पोरके झालेले असतात. सहा महिने रोज ज्याचे नाव घेतले, तो संघ आता मैदानात नाही. खेळ मात्र चालू आहे. मग या पोरक्या चाहत्याने करावे काय? पाठ फिरवावी? फार थोडे तसे करतात. बहुतेक जण दुसऱ्या कोणाचा तरी पक्ष घेतात. आणि तो कसा घेतात, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली रीत द्वेषाची. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने आजवर २७ वेळा अजिंक्यपद मिळविले आहे. दुसरा कोणताही संघ त्याच्या जवळपास नाही. त्यामुळे देशभर असे असंख्य लोक आहेत, की ज्यांचा ऑक्टोबरातील पक्ष एकाच वाक्यात सांगता येतो : यांकीजशी जो लढेल, तो आमचा. आमचे शेजारी याच पंथाचे. बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने बेब रूथ हा आपला थोर खेळाडू १९१९ च्या अखेरीस यांकीजना विकला. त्यापूर्वी १९१८ साली बॉस्टनने अजिंक्यपद मिळविले होते; विक्रीनंतर ते त्यांच्या वाट्याला येईना. हा शापच आहे, असे लोक म्हणू लागले.

दुसरी रीत करुणेची. जो फार दिवस उपाशी आहे, त्याच्या ताटात एकदा तरी पडावे, असे वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. आपल्याकडे महाभारत वाचताना अर्जुन जिंकणार हे ठाऊक असूनही किती वाचकांचे मन कर्णाकडे जाते! शिकागोच्या कब्ज संघाने १९०८ साली अजिंक्यपद मिळविले आणि त्यानंतर १०८ वर्षे वाट पाहिली. २०१६ साली तो अंतिम मालिकेत आला, तेव्हा परक्या गावचे लोकही त्याच्या बाजूने झाले. पण गंमत अशी, की समोर होता क्लीव्हलंडचा संघ, ज्याने १९४८ नंतर अजिंक्यपद पाहिले नव्हते. करुणेने पक्ष घेणाऱ्याची ही मोठीच पंचाईत! मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. नऊ डावांअखेर बरोबरी होती, त्यात पाऊस आला, खेळ काही मिनिटे थांबला, आणि दहाव्या डावात शिकागोने ८-७ अशी बाजी मारली. क्लीव्हलंडची वाट पाहणे अजून संपलेले नाही. सिअ‍ॅटलच्या संघाला तर २०२५ पर्यंत अंतिम मालिकेची पायरीदेखील चढता आली नव्हती. त्या वर्षी तो एका सामन्याने अडला.

तिसरी रीत आपलेपणाची. माँट्रियलचा संघ २००४ च्या हंगामानंतर वॉशिंग्टनला हलविण्यात आला, तेव्हापासून साऱ्या कॅनडा देशाचा मिळून टोरांटो हा एकच संघ उरला. २०२५ साली तो अंतिम मालिकेत पोहोचला, तेव्हा दूरदूरचे कॅनडावासी आपोआप टोरांटोकर झाले. सातवा सामना त्यांच्याच अंगणात झाला, अकराव्या डावापर्यंत लांबला, आणि लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी तो ५-४ असा जिंकला.

या डॉजर्सचे मूळ गाव मात्र लॉस एंजेलिस नव्हे, न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन. १९१६ पासून १९५३ पर्यंत सात वेळा ते अंतिम मालिकेत हरले. पुढच्या वर्षी पाहू, हे त्या वस्तीतील लोकांचे पालुपदच झाले होते. अखेर ४ ऑक्टोबर १९५५ रोजी जॉनी पॉड्रेस या तरुण गोलंदाजाने सातव्या सामन्यात यांकीजना एकही धाव दिली नाही, आणि ब्रुकलिनला पहिले अजिंक्यपद मिळाले. पहिले, आणि शेवटचेही. कारण १९५७ च्या हंगामानंतर मालकांनी संघ उचलून लॉस एंजेलिसला नेला. संघ कागदोपत्री मालकाचा असतो. पण चाळीस वर्षांची ती वाट पाहणे कोणाच्या मालकीचे होते? ते कोणत्याही खतावर लिहिलेले नव्हते. चाहत्याच्या प्रेमाचे बळ यात आहे, आणि त्याची असहायताही यातच आहे.

आता आनंदाकडे वळू. जुन्या काळी शेवटचा गडी बाद झाला, की प्रेक्षकच मैदानात धाव घेत. १९६९ साली न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने बाजी मारली, तेव्हा लोकांनी मैदानातली हिरवळ उपटून आठवण म्हणून घरी नेली. १९७६ साली यांकीजच्या ख्रिस चेंब्लिसने विजयी होम रन मारला, आणि गर्दीच्या लोंढ्यात त्याला बेसच सापडेनात. पुढे हे आवरावे लागले. १९८० साली फिलाडेल्फियाच्या विजयाच्या वेळी मैदानाच्या कडेने घोडेस्वार पोलीस आणि कुत्री उभी होती.

तेव्हापासून आनंदाचे मुख्य ठिकाण म्हणजे खेळाडूंची खोली. तेथे कपाटांवर प्लास्टिकचे पडदे सोडतात, खेळाडू डोळ्यांना चष्मे लावतात आणि एकमेकांवर शॅम्पेनच्या बाटल्या रिकाम्या करतात. उत्तर-हंगामात प्रवेश मिळाला की एकदा, पहिली फेरी जिंकली की पुन्हा, असे करीत एखाद्या संघाला एकाच वर्षात पाच वेळा हे स्नान घडू शकते. जुने लोक नाके मुरडतात. लग्न एकच, आणि वरात पाच वेळा, हे काय, असे त्यांना वाटते. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु १६२ सामन्यांचे कष्ट उपसलेल्या माणसाला पुढच्या मालिकेची शाश्वती नसते. हाती आलेला दिवस साजरा करावा, हे त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

प्रश्न किती वेळा आनंद केला हा नाही. तो करताना दुसऱ्याचे भान राहिले की नाही, हा आहे. याची दोन उदाहरणे देतो. २०१३ साली डॉजर्सनी ॲरिझोनाच्या मैदानावर आपल्या विभागाचे जेतेपद निश्चित केले आणि यजमानांच्या मैदानातील पोहण्याच्या हौदात उड्या घेतल्या. यजमानांना ते फार लागले. पाहुण्याने जिंकावे, पण यजमानाच्या माजघरात नाचू नये! याउलट २०१० साली टेक्सासच्या संघाने काय केले, ते पाहा. त्यांचा जॉश हॅमिल्टन हा खेळाडू व्यसनातून मोठ्या कष्टाने बाहेर पडला होता. मद्याचा शिडकावा चालू असलेल्या खोलीत तो थांबणार कसा? म्हणून सहकाऱ्यांनी आल्याच्या सोड्याच्या बाटल्या आणल्या आणि आधी त्याच्यासह सर्वांनी त्याच पेयाने स्नान केले. एका माणसासाठी साऱ्या पंक्तीने आपले पान बदलले. आमच्या मते त्या वर्षीचा सर्वांत मोठा विजय तोच.

आनंदाला भान राहिले नाही, तर काय होते तेही सांगणे प्राप्त आहे. जपानात ओसाका येथे हानशिन टायगर्स जिंकले की चाहते दोतोनबोरी कालव्यात उड्या घेतात. १९८५ साली त्यांनी एका दुकानासमोरचा पुतळाही त्यात फेकला. तो २००९ साली सापडला. हे ऐकून हसू येते. पण २००३ साली त्याच कालव्यात उडी घेतलेला एक मनुष्य बुडून मेला. २००४ साली बॉस्टनच्या रस्त्यावर विजयाच्या रात्री गर्दी आवरताना पोलिसांनी सोडलेला मारा लागून एक विद्यार्थिनी प्राणास मुकली. आणि हे परदेशातच घडते असे मानू नये. ४ जून २०२५ रोजी बंगळूरला क्रिकेटच्या विजयोत्सवात स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन अकरा माणसे गेली. अठरा वर्षे वाट पाहून मिळालेला तो विजय होता. ज्या घरातला मुलगा आनंद पाहायला गेला आणि परत आला नाही, त्या घरी त्या विजयाची आठवण कशी काढतील?

पराभूताची बाजूही राहून जाते. १९८६ साली बॉस्टन अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात दोन धावांनी पुढे होते. शेवटचा एक गडी बाद व्हायचा होता. खोलीत प्लास्टिक टांगले होते, शॅम्पेन येऊन पडली होती. पण न्यूयॉर्कच्या मेट्सनी बरोबरी साधली आणि एक साधा सरपटता चेंडू बिल बकनर या खेळाडूच्या पायांमधून निघून गेला. घाईघाईने प्लास्टिक उतरवावे लागले. सातवा सामनाही गेला. वास्तविक चेंडू सुटण्यापूर्वीच बरोबरी झाली होती. दोष अनेकांचा होता. परंतु लोकांनी तो एकाच्या माथी मारला आणि अनेक वर्षे त्या बिचाऱ्याला बोल लावले. २००८ साली त्याला बॉस्टनच्या मैदानावर पहिला चेंडू टाकण्याचा मान देण्यात आला. सारे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवीत होते, आणि तो डोळे पुसत होता. बावीस वर्षे लागली. २००४ व २००७ ची दोन अजिंक्यपदे पदरात पडल्यावर क्षमा सोपी झाली, असे कोणी म्हणेल. म्हणोत. उशिरा का होईना, गावाने आपले ऋण फेडले.

आता पुन्हा त्या २००४ सालाकडे येतो. यांकीजविरुद्धच्या मालिकेत बॉस्टनने पहिले तीन सामने गमावले. तिसरा तर १९-८ असा. तीन सामने हरून मालिका जिंकलेला संघ तोवर बेसबॉलमध्ये झालाच नव्हता. चौथ्या सामन्याच्या नवव्या डावातही बॉस्टन एका धावेने मागे होते. आम्ही उठू लागलो. शेजारी म्हणाले, "बसा. माझे वडील कधी आधी उठले नाहीत." आम्ही बसलो. तो सामना बाराव्या डावात बॉस्टनने जिंकला. मग पुढचे तीनही जिंकले. आणि २७ ऑक्टोबरच्या रात्री, चंद्रग्रहण चालू असताना, सेंट लुईसला चार शून्याने हरवून अजिंक्यपद मिळविले.

आमची कल्पना अशी, की शेजारी आता नाचतील. ते नुसते बसून राहिले. सकाळी हातात वर्तमानपत्र आणि संघाचा लहानसा ध्वज घेऊन ते आमच्या दाराशी आले आणि म्हणाले, "येता का?" आम्ही गेलो ते स्मशानभूमीत. त्यांचे वडील १९१९ साली, म्हणजे शेवटच्या विजयानंतर एका वर्षाने जन्मलेले, आणि वाट पाहतच निवर्तलेले. शेजाऱ्यांनी ध्वज थडग्याजवळ रोवला, वर्तमानपत्र उघडून मोठ्याने मथळा वाचला, आणि ते गप्प उभे राहिले. आजूबाजूला पाहिले तर आणखी काही थडग्यांवर तसेच ध्वज होते. पुढे २०१६ साली शिकागोच्या लोकांनीही मैदानाच्या बाहेरच्या भिंतींवर खडूने आपल्या दिवंगतांची नावे लिहिली.

आम्हांला त्या सकाळी आपल्या तर्पणाची आठवण झाली. पितरांना पाणी द्यावे, तसा तो मुलगा वडिलांना बातमी देत होता. पक्ष घेणे म्हणजे काय, हे आम्हांला तेथे कळले. जो एकट्याने वाट पाहत नाही, तोच खरा पक्ष घेतो. आणि जो आनंद करताना गेलेल्यांना, हरलेल्यांना आणि आपल्याशेजारच्या दुबळ्याला विसरत नाही, त्याचाच आनंद दुसऱ्या दिवशी सकाळी टिकतो.

उद्या आपल्या गावचा संघ जिंकेल, गुलाल उधळला जाईल, मिरवणूक निघेल. निघावी. पण त्या मिरवणुकीत लहान मुलांना वाट असावी, हरलेल्यांच्या दारापुढे ताशा जरा हळू वाजावा, आणि आपल्या आधी ज्यांनी वाट पाहिली त्यांचे नाव एकदा तरी घेतले जावे, एवढीच आमची विनंती आहे.