तेरचा साचा आणि मुलांचे वीर



मातीकामाच्या तासाला बैल, केळी व पाटी-वरवंटा यांचे नमुने करवून घेण्याची रीत शाळाशाळांतून रूढ आहे. मुले ते निमूटपणे करतात. परंतु शिक्षकाची पाठ वळताच उरलेल्या गोळ्यातून एखादा मुलगा छोटा भीम घडवितो, दुसरा बॅट उगारलेला फलंदाज उभा करतो, तर एखादी मुलगी झाशीच्या राणीला घोड्यावर बसविते. तास संपला की बैल खिडकीत मांडले जातात आणि हे वीर मोडून पुन्हा गोळ्यात जातात. ते मोडले जाऊ नयेत, एवढ्याचसाठी हे विवेचन आहे.

मुलांचे वीर दूरचित्रवाणीतून व भ्रमणध्वनीतून उसने आलेले असतात, हा त्यांवरील नेहमीचा आक्षेप होय. तो तपासण्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील शिक्षकास फार दूर जावयास नको. तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे. तेथील कापड भडोच बंदराकडे जात असे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर जमविलेल्या वस्तूंचे शासकीय संग्रहालय याच गावी आहे. सातवाहनकाळातील लहान लहान मृण्मूर्ती तेथे पाहावयास मिळतात. त्यांपैकी केओलिन या पांढऱ्या मातीच्या मूर्ती दुहेरी साच्यातून काढलेल्या असून आतून पोकळ आहेत. काहींच्या धाटणीत अभ्यासकांना रोमन कलेची छाया दिसते. तेर येथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली मूर्ती तर १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या घरात सापडली. बाजारात जे आले ते कारागिराने पाहिले आणि आपल्या मातीत उतरविले. उसनेपणाचा दोष द्यावयाचा तर तो प्रथम तगरच्या कारागिरांना द्यावा लागेल!

साच्याची हीच युक्ती आजच्या एका जगप्रसिद्ध खेळण्यात आहे. डेन्मार्कमधील बिलुंड गावी एका सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करावयास आरंभ केला. त्यातूनच पुढे लेगो विटांचा कारखाना निघाला. १९७८ मध्ये या विटांच्या जोडीला सुमारे चार सेंटिमीटर उंचीची माणसे आली. धड सर्वांचे एकाच घडणीचे. डोके, केस व टोपी मात्र काढता-घालता येणारी. हौशी मंडळी त्यांवर रंग चढवून, शिरस्त्राणे व शस्त्रे बदलून आपल्या आवडीच्या चित्रपटांतील पात्रे घडवितात. ही विकतची माणसे खेड्यातील शाळेस परवडणार नाहीत, आणि त्यांची गरजही नाही.

वर्गासाठी मातीचे एकच धड करावे: चार बोटे उंच, हातपाय अंगालगत. ते वाळल्यावर त्यावर राख भुरभुरावी व पुढील अर्ध्या भागावर मातीचा जाड थर दाबावा. तो घट्ट झाल्यावर सोडवावा व तसाच मागील भागाचा साचा घ्यावा. दोन्ही भाग पूर्ण वाळवून कुंभाराच्या आव्यात भाजून घ्यावेत. भाजलेला साचा ओल शोषतो. त्यामुळे आत दाबलेली माती थोड्या वेळाने आकसून आपोआप सुटते. दोन्ही अर्धी पातळ चिखलाने सांधावीत. धड पोकळ ठेवल्यास सारखे वाळते व सहसा तडकत नाही. आपल्याकडील नुसती काळी माती भेगाळते. तीत थोडी राख व पिंजलेला कापूस मळावा. मानेत ओलेपणीच खराट्याच्या काडीने भोक पाडून ठेवावे. वाळल्यावर त्याच काडीवर डोके बसवावे.

डोके मात्र साच्यातून काढू नये. ते ज्याचे त्याने हातानेच करावे.

येथे शिक्षकाचे खरे काम सुरू होते. मुलाने आणलेल्या बाहुल्याचे नाक सरळ आहे की नाही हे पाहू नये, “हा कोण, हे कशावरून ओळखावे?” एवढेच विचारावे. मुलगा थबकतो. पुढच्या खेपेस तो निळा कोट व पुस्तक देऊन बाबासाहेब करतो, लाडू देऊन छोटा भीम करतो. तेरच्या गोरोबाकाकांच्या हाती थापटणे दिले की दुसरे काही सांगावे लागत नाही. पण वर्गातील कोणी आपल्या आजीला करावयाचे म्हटले, तर कोणती खूण द्यावी? असा प्रश्न आला की मूल घरी जाऊन आजीकडे नीट पाहू लागते. या एका प्रश्नासाठी चार तास खर्ची पडले तरी हरकत नाही.

रंगास गेरू, चुना व काजळी पुरे. त्यांत थोडा डिंक घालावा. पुढे तेरची सहल निघेल तेव्हा प्रत्येकाने आपला वीर चिंधीत गुंडाळून बरोबर न्यावा, आणि संग्रहालयातील मूर्तीच्या कडेला दोन साच्यांचा सांधा कोठे दिसतो, ते आपल्या मूर्तीवरील सांध्याशी ताडून पाहावे.