पुढाऱ्याचे मौन
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाचा दिवस हा परमेश्वराचे आभार मानण्याचा दिवस होय. परंतु आभाराबरोबर थोडे आत्मपरीक्षणही घडावे, असे मला वाटते. म्हणून आपल्यातील पुढाऱ्यांशी आज दोन शब्द बोलतो. पुढारी म्हणजे केवळ सभेत खुर्चीवर बसणारा नव्हे. कुटुंबाचा कर्ता, शाळेतील शिक्षिका, मंडळाचा चिटणीस, कचेरीतील दहा माणसांचा प्रमुख आणि धर्मगुरू, हे सारे पुढारीच आहेत.

आपले हे मिहान धावपळीचे ठिकाण आहे. खापरी-शिवणगावच्या शिवारात जेथे पूर्वी नांगर चालत असे, तेथे आज संगणकाच्या कचेऱ्यांत रात्रपाळीचे दिवे जळतात आणि डोक्यावरून विमाने जातात. अशा ठिकाणी जो घटकाभर स्वस्थ बसतो, त्यास लोक आळशी म्हणतात. परंतु प्रभू येशूचे चरित्र काय सांगते? कफर्णहूम गावी सायंकाळी सारे नगर दाराशी लोटले व त्याने पुष्कळ आजाऱ्यांस बरे केले. दुसऱ्या दिवशी पहाट होण्यापूर्वीच तो उठून एकांती प्रार्थनेस गेला. शिष्यांनी त्यास गाठून सर्व लोक शोधीत असल्याचे सांगितले, तेव्हा तो त्या गर्दीकडे परतला नाही. दुसऱ्या गावांकडे निघाला. पुढे जावयाचे कोठे, याचा निर्णय गर्दीने केला नाही. बारा प्रेषितांची निवड करण्यापूर्वीही त्याने सारी रात्र प्रार्थनेत घालविली, असे संत लूक लिहितो.

इ. स. ११४५ मध्ये संत बर्नार्डांचा एक मठवासी शिष्य परमगुरुस्वामी झाला. तेच तिसरे यूजीन. रोमेत दिवसभर खटले व तक्रारी ऐकण्यात त्यांचा काळ जाऊ लागला. तेव्हा वृद्ध गुरूने आपल्या या शिष्यासाठी चिंतनाविषयी एक ग्रंथच लिहिला. अखंड कामाने अंतःकरण हळूहळू कठीण होते आणि ते कठीण झाल्याचे त्या माणसास कळतही नाही, असा इशारा त्यांनी दिला. साक्षात् परमगुरुस्वामींस जे सांगावे लागले, ते आपणांस लागू नाही काय?

दूर कशास जावे? आपल्या दारावरून जाणारा वर्धा मार्ग सेवाग्रामकडेच जातो. महात्मा गांधी १९३६ साली तेथे राहावयास गेले. दर सोमवारी ते मौन पाळीत. २ जून १९४७ रोजी दिल्लीत व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी त्यांना फाळणीची योजना सांगितली, तोही सोमवारच होता. गांधीजींनी वापरलेल्या पाकिटांच्या मागील बाजूस पेन्सिलीने लिहून उत्तर दिले. मौनाला दोन अपवाद ठेवल्याचे त्यांनी त्यातच लिहिले : मोठ्या अधिकाऱ्यांशी तातडीचे काम आणि आजाऱ्यांची सेवा.

हा दुसरा अपवाद आपण ध्यानात ठेवावा. त्याच मार्गावरील पवनार येथे विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ रोजी, म्हणजे नाताळच्या दिवशी, एक वर्षाचे मौन धरले. मध्येच आणीबाणी आली आणि त्या मौनाविषयी देशात मतभेद झाले. त्याचा निवाडा मी करीत नाही. मात्र मौन केव्हा धरावे, याप्रमाणेच ते केव्हा सोडावे, हेही पुढाऱ्यास जाणावे लागते. दुःखिताची हाक आली असता जे मौन उठत नाही, ते एकांत नसून पळवाट होय.

आता माझाच एक अपराध सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात दफनभूमीच्या कुंपणाच्या खर्चावरून वाद झाला. एका सद्गृहस्थाने भर सभेत हिशेब मागितला. मला तो अपमान वाटला. त्याच रात्री मी त्यांना कठोर पत्र लिहिले व सकाळी मिस्सेपूर्वीच धाडून दिले. पुढे हिशेब पाहिला तेव्हा चूक आमचीच निघाली. ते कुटुंब दोन वर्षे देवळात आले नाही. अखेर त्यांची आई आजारी असल्याचे ऐकून मी त्यांच्या दारी गेलो व क्षमा मागितली. त्यांनी काही न बोलता मला आत नेऊन खुर्ची दिली. ते पत्र एक रात्र प्रभूच्या वेदीसमोर ठेवले असते, तर ही दोन वर्षे वाया गेली नसती.

तेव्हापासून मी एक नियम पाळितो, तोच आज आपल्या हाती देतो. रागाने लिहिलेले उत्तर, मग ते कागदावर असो की भ्रमणध्वनीवर, उजाडल्याशिवाय धाडू नये. दररोज पंधरा मिनिटे एकटे बसावे व तीन गोष्टी स्वतःस विचाराव्या : आज मी कोणाचे ऐकले नाही? कोणास दुखविले? उद्या कोणाकडे जावयास हवे? रात्रपाळीवाल्याने आपल्या वेळेस बसावे. प्रभूच्या घरी पाळी नसते. आणि तेवढ्यात रुग्णाचे बोलावणे आले, तर निःशंक उठावे. तीही प्रार्थनाच होय.

पुढील वर्षांत आपल्या धर्मग्रामाच्या भिंती उंच होवोत. परंतु त्याहून अधिक, आपल्या पुढाऱ्यांची अंतःकरणे मृदू राहोत, हीच प्रभूचरणी प्रार्थना. आमेन.